छेत्रीचा गोल नंतर बघा, आधीचे दोन सेकंद बघा

भारताचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला पुढे खेळणारा, सुनील छेत्री. त्याच्या गोलांच्या क्लिपा सांगली-मिरजेच्या फुटबॉल ग्रुपवर सारख्या फिरत असतात. चांगलंच आहे. पण त्या क्लिपा चुकीच्या जागी कापलेल्या असतात. बॉल पायाला लागतो तिथून व्हिडिओ सुरू होतो, मग त्यातून पोरं शिकतात काय, तर जोरात मारायचं. छेत्रीची उंची ५ फूट ७ इंच. अंगाने दांडगा नाही, पळण्यात संघातला सगळ्यात वेगवानही कधी नव्हता. तरी भारतासाठी ९५ गोल. हे गोल बॉल लागायच्या आधीच्या दोन सेकंदांत झालेत, आणि नेमके तेच सेकंद कुणी दाखवत नाही.

५ सप्टेंबर २०१९ची गुवाहाटीतली मॅच शोधून बघा. ओमानविरुद्ध, वर्ल्ड कप पात्रता फेरी, २४वं मिनिट. गोलसमोरच्या बॉक्सबाहेर फ्री किक. ओमानचे डिफेंडर उंच बॉल येणार म्हणून गोलकडे सरकले. छेत्रीही त्यांच्याबरोबर निघाल्यासारखं करतो आणि मधेच थांबून मोकळ्या जागेत येतो. ब्रँडन फर्नांडिस बॉल उचलतच नाही, जमिनीवरून सरळ त्याच्या पायात देतो. पहिल्याच टचला गोल. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन भारत ती मॅच १-२ हरला, म्हणून तो गोल मागे पडला. पण स्ट्रायकर घडवायचा असेल तर शिकवायला याच्याइतका चांगला गोल नाही. यात ताकद, उंची, वेग काहीच लागलेलं नाही. लागलं ते एवढंच, की डिफेंडर कुठे बघतोय हे त्याने बघितलं. कबड्डीतला चांगला रेडर कोपऱ्यातल्या खेळाडूच्या पायाकडे बघून दुसऱ्याच बाजूला हात घालतो, तसलंच हे काम. आपल्या भागातल्या पोरांना ते समजावून सांगायला वेळ लागू नये.

शिकवायचं कसं? स्ट्रायकर पेनल्टी स्पॉटपाशी, डिफेंडर त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर, क्रॉस देणारा, म्हणजे बाजूने गोलसमोर बॉल टाकणारा, बाजूच्या रेषेजवळ. स्ट्रायकरने आधी दोन-तीन पावलं बॉलपासून लांब, डिफेंडरच्या पाठीमागे जायचं. डिफेंडरला आता बॉल आणि माणूस एकाच वेळी दिसत नाही, मान वळवावी लागते. पळायचं कधी, याची खूण एकच: क्रॉस देणाऱ्याची मान बॉलकडे खाली जाते तो क्षण. मान वर आहे तोवर तो बघतोय, मान खाली गेली की मारणार. तिथून डिफेंडरच्या पुढून पहिल्या, म्हणजे बॉलकडच्या पोस्टकडे कापायचं, नाहीतर पाठीमागेच राहून दुसऱ्या पोस्टवर थांबायचं. पहिल्या दहा बॉलना डिफेंडरने नुसतं चालायचं, पुढच्या दहांना खरंच अडवायचं.

बहुतेक पोरं पळतात लवकर. मग बॉल यायच्या आधीच गोलच्या तोंडाशी उभी राहून वाट बघतात, आणि उभ्या माणसाला धरणं कुठल्याही डिफेंडरला सोपं. दुसरी खोड म्हणजे नजर बॉलवर खिळते, मोकळी जागा कुठे आहे ते दिसतच नाही. आमचं स्पष्ट मत आहे, बाहेरून ‘पळ पळ’ ओरडणाऱ्या कोचने पहिली खोड वाढवली आहे. ‘थांब’ म्हणायला शिकलं पाहिजे.

हेडरचं, म्हणजे डोक्याने मारलेल्या बॉलचंही तेच. १९ मार्च २०२५ला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध लिस्टन कोलासोच्या क्रॉसवर छेत्रीने हेडरने ९५वा गोल केला, तेव्हा तो ४० वर्षांचा होता. निवृत्ती मागे घेऊन परत आलेला माणूस. एवढी कमी उंची असून हेडरचे इतके गोल कसे? उंच डिफेंडर जागेवरून उडी मारतो, हा दोन पावलं पळत येऊन एका पायावर उडतो आणि डिफेंडरच्या आधी वर पोचलेला असतो. कपाळाचा सपाट भाग, डोळे उघडे, तोंड बंद, मान ताठ, बॉल शक्यतो खाली जमिनीकडे. गोलकीपरला खाली जाऊन टप्पा पडणारा बॉल अडवणं सगळ्यात जड.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. लहान पोरांना हेडर मारायला लावू नका. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्येच १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला आणि ११ ते १३ वर्षांच्या मुलांना सरावात मर्यादा घातली. आपल्याकडे मात्र नऊ वर्षांच्या पोराला मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल, तोही पावसात भिजून जड झालेला, लांबून उडवून दिला जातो. त्या वयाला चार नंबरचा बॉल आणि पायाचं काम पुरे. चौदाव्या वर्षी शिकवायला घेतलं तरी काही बिघडत नाही; तेही हाताने फेकलेल्या बॉलवर, आठवड्यातून दोनदा, आठ-दहा हेडर, बास.

छेत्रीच्या घराकडे बघितलं की सातारकरांना ओळखीचं वाटेल. वडील सैन्यात, यंत्रं-वाहनं सांभाळणाऱ्या ईएमई शाखेत. जन्म सिकंदराबादचा, मग बदल्यांमागे गावं आणि शाळा बदलत गेल्या. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाला हे आयुष्य वेगळं सांगायला नको. आई नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेली. तरी सरळ वाट त्याला कुठेच मिळाली नाही. २००२ला कोलकात्याचा मोहन बागान, मग पंजाबचा जेसीटी क्लब, आणि १२ जून २००५ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिला सामना, पहिला गोल. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने घेतलं, पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून वर्क परमिटच मिळालं नाही. २०१०ला अमेरिकेत कॅन्सस सिटी, २०१२ला पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगचा ब संघ. दोन्हीकडे खेळायला फारसं मिळालं नाही. लोक याला अपयश म्हणतात, आम्ही म्हणत नाही. सव्वीस-अठ्ठाविसाव्या वर्षी बाकावर बसून परत आलेला खेळाडू २०१३ला बेंगळुरूसारख्या नव्या क्लबात जातो, पहिल्याच हंगामात आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग जिंकतो आणि खाणं-झोप-व्यायामाची शिस्त पक्की करतो, त्याची खरी कारकीर्द तिथून पुढेच फुलली.

आणि तक्रार करायची तर ती इथे आहे. बेंगळुरूत २०१७-१८च्या हंगामात नऊ नंबरला, म्हणजे मधल्या मुख्य स्ट्रायकरच्या जागी, व्हेनेझुएलाचा मिकू होता आणि छेत्री डावीकडून आत यायचा. दोघांनी मिळून गोलांचा पाऊस पाडला. क्लबने त्यात काही चूक केली नाही. पण बहुतेक सगळ्याच क्लबांनी नऊ नंबरला परदेशी माणूस घेतला, आणि भारताचा नऊ नंबर वर्षानुवर्षं तो एकटाच राहिला. जानेवारी २०२४च्या आशियाई स्पर्धेत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तीन सामन्यांत भारताचा एकही गोल नाही, आणि नऊ नंबरला ३९ वर्षांचा छेत्री. त्या जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी ०-० करून तो थांबला, पण नऊ महिन्यांत त्याला परत बोलवावं लागलं. यात कौतुक त्याचं, लाज व्यवस्थेला वाटायला हवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावात सिंगापूरकडून १-२ हरून २०२७च्या आशियाई स्पर्धेची वाटही बंद झाली.

ही व्यवस्था दिल्लीपासूनच सुरू होते असं नाही. आपल्या सेव्हन-ए-साइड, म्हणजे सात-सात जणांच्या स्पर्धा बघा. मैदान अरुंद, कृष्णाकाठची काळी माती एप्रिलमध्ये दगडासारखी, बॉलचा टप्पा वेडावाकडा. जमिनीवरून दिलेला पास उडतो म्हणून पोरं पास द्यायचंच सोडतात आणि बॉल पुढे भिरकावतात. क्रॉस नाही, त्यामुळे क्रॉसवर पळणारा स्ट्रायकरही नाही. यातलं बरंचसं आपल्याच हातात आहे. आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारा, सकाळी ओल असतानाच रोलर फिरवा; टप्पा पुष्कळ सुधारतो. आणि १४ वर्षांखालच्या गटाला दोन्ही बाजूंना पाच मीटर आत फक्कीची एकेक रेषा आखा. त्या पट्ट्यात बॉल घेऊन आलेल्या पोराला डिफेंडरने आत शिरून अडवायचं नाही. त्या पोराने मान वर करून बघायचं आणि बॉल द्यायचा. तिथून आलेल्या पासवर पहिल्या टचला पायाने झालेला गोल दोन धरायचा. या मे महिन्यात ज्या मंडळांच्या स्पर्धा आहेत त्यांनी नियमांच्या पत्रकात एवढी एक ओळ घालून बघावी, आणि रेफरींना आदल्या दिवशी बसवून समजावून सांगावी, नाहीतर पहिल्याच मॅचला दोन गोल का धरले यावरून मैदानात भांडण लागेल.