स्टोमा पट्ट्यामागं घ्या म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, पोटावर संडासची पिशवी लावायची वेळ आली तर जागेचं टेन्शन घेऊ नका, स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) डावीकडंच असतो, बरोबर पट्ट्यामागं घ्यायला सांगा म्हणजे दिसत नाही, बाकी डॉक्टर टेबलावर बघतात आणि चुकलंच तर भारीतली पिशवी घ्यायची. वाचून डोकंच फिरलं.

डावीकडंच हे अर्धं खरं. कोलोस्टोमी म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड, ते शेवटच्या भागाचं असलं तर बहुतेक डावीकडं खाली येतं, पण इलिओस्टोमी म्हणजे लहान आतड्याचं तोंड, ते सहसा उजवीकडं.

आता पट्टा. स्टोमावर पट्टा किंवा नाडी आली की घासतं, दाबतं आणि माल पिशवीत खाली उतरतच नाही. आणि पट्टा म्हणजे नेमका कुठला ओ? आमच्याकडं म्हातारी माणसं लेंग्याची नाडी बेंबीवर आवळतात, पोरांची जीन्स पार खाली असते, बायकांच्या परकराची नाडी अजून वेगळीच, म्हणून रोजचे कपडे घालूनच जागा बघायची असते.

टेबलावर बघतात ही तर सगळ्यात घातक गोष्ट, कारण भूल दिलेला माणूस उताणा असतो, पोट सपाट, एक वळी दिसत नाही. तोच माणूस मांडी घालून जेवायला बसला, म्हशीची धार काढायला उकिडवा बसला की पोटाला घड्या पडतात आणि घडीत आलेली पिशवी सुटते. म्हणून ऑपरेशनआधीच सर्जन किंवा स्टोमा नर्स पेशंटला झोपवून, बसवून, उभं करून, वाकवून मार्करनं खूण करतात. झोपून डोकं जरा उचललं की बेंबीच्या बाजूचा उभा स्नायू हाताला लागतो, जागा शक्यतो त्याच्यातनं घेतात. बेंबी, हाडं, जुने टाके यांपासून लांब, सपाट कातडी पाहिजे, आणि मेन म्हणजे पेशंटला स्वतःला दिसली पाहिजे. पोट सुटलेल्याला खालचं दिसतच नाही, त्याला बेंबीच्या वर घेतलेली बरी पडते, तिथं चरबीही कमी असते. आत गेल्यावर बेत बदलू शकतो म्हणून कधी कधी दोन खुणाही करतात, शेवटचा निर्णय सर्जनचाच. इमर्जन्सीत वेळ नसतो हे मान्य, पण पाच मिनिटं मिळाली तरी खूण करून घ्यावी.

राहिली भारीतली पिशवी. फुगीर प्लेट (पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग), पेस्ट, पिशवी धरून ठेवणारा बेल्ट यानं बऱ्याच जणांचं निभतं, नाही असं नाही. पण इलिओस्टोमीचा पातळ माल पाचक रसाचा असतो, गळायला लागला की कातडी सोलून निघते, आणि काहींना मग जागा बदलायला परत ऑपरेशन करावं लागतं.