२३ इंचांची फट आणि १६५ हर्ट्झ

मॉनिटर घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी मी टेप घेऊन फट मोजली. आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत कपाट आणि भिंत यांच्या मधे बरोब्बर २३ इंच जागा, २७ इंची मॉनिटर (हे इंच तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत) आडवा भरतो २४, आणि कपाट सरकवायचं तर आईची परवानगी लागते जी आजवर कुणालाही मिळालेली नाही. म्हणून २४ इंची, पण २५६० बाय १४४० ठिपक्यांवाला, आणि १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा. दुकानदार म्हणाला, "अहो एवढ्याशा स्क्रीनला फुल एचडी बास झालं, कोण मोजतंय?" मी मोजतोय ना! फुल एचडीत वीस लाखांच्या वर ठिपके, यात छत्तीस लाखांच्या वर, म्हणजे इंचाला साधारण १२३.

रात्री सगळे झोपल्यावर डोक्यावर चादर घेऊन डेड पिक्सेल, म्हणजे मेलेला ठिपका, शोधायला बसलो. लाल, हिरवा, निळा, पांढरा असे पडदे लावत, नाक टेकवून. पांढऱ्यावर डावीकडे खाली सापडलाच एक काळा ठिपका. फोटो काढले, रिप्लेसमेंटची तक्रार अर्धी टाइप झाली, तेवढ्यात पाणी प्यायला उठलेल्या आईने पदराने तो पुसला. "मोहरी आहे रे, उपमा खाताना खोकं उघडलंस ना?" मॅट कोटिंगवर पदर!! मोहरीपेक्षा त्याचाच धक्का मोठा होता.

सकाळी बाबा चष्मा लावून बघून गेले. "अक्षरं मुंग्यांएवढी, ह्याचे जास्त पैसे दिलेस?" मग स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा आकार, १२५ टक्के केलं, काय करणार.

पण पुढचा आठवडा मी हवेत होतो. माउस नुसता लोण्यासारखा फिरतोय म्हणे. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १६५ ला फक्त ६, हे ऑफिसमधे चहाच्या टपरीवर मी इतक्यांदा सांगितलं की टपरीवाल्यालाही पाठ झालं असेल. रविवारी भाचा आला, सेटिंग्ज उघडून म्हणाला, "मामा, हा तर ६० वर चाललाय." वर जायचा पर्यायच दिसेना, कारण केबल जुन्या सेटटॉप बॉक्सची लावलेली. १६५ झेपणारी डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात थर्माकोलच्या खाली पिशवीसकट झोपलेली.

ती लावली, १६५ झालं, तर आता ग्राफिक्स कार्ड हात वर करतंय, गेममधे सेकंदाला ४५-५० च फ्रेम, म्हणजे चित्रं. रिझोल्यूशन १०८० वर, म्हणजे फुल एचडीवर आणलं की सगळं धुरकट, कारण एक ठिपका सव्वा-दीड ठिपक्यांवर ताणून बसवायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार. सध्या १६५ हर्ट्झचा खरा उपभोग बाबा घेतात, ई-पेपरचं शब्दकोडं झूम करून.

ऑफिसातल्या दोघांनी माझ्या शब्दावर हाच मॉनिटर मागवलाय. त्यांना मी एवढंच सांगितलंय की थर्माकोल लगेच टाकू नका.