लिथियम-एअर बॅटरी आणि कधीच न उतरणारे विमान

‘लिथियम-एअर बॅटरीत पेट्रोलइतकी ऊर्जा मावते, ऑक्सिजन ती हवेतूनच घेते म्हणून तिला वजन जवळपास नसते, वीस किलोमीटर उंचीवरची हवा कोरडी असल्यामुळे तेथे ती बिघडत नाही, तेव्हा सौरपंखांचे विमान तिच्यावर वर्षानुवर्षे आकाशात राहू शकेल, पण तेल कंपन्या तिला बाजारात येऊ देत नाहीत,’ अशा आशयाचा मजकूर मोबाइलवरून पुष्कळ फिरतो. शेवटचे विधान सोडले तर यातले काहीच निव्वळ थाप नाही. प्रत्येकात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो कोठे संपतो हे पाहिले पाहिजे.

पेट्रोलशी केलेली तुलना आधी घेऊ. एक किलो लिथियम धातूपासून तत्त्वतः सुमारे ११ किलोवॅट-तास ऊर्जा मिळते आणि पेट्रोलचा आकडा १२-१३च्या घरात आहे, हे बरोबर. पण हा हिशोब एकट्या धातूचा आहे. लिथियमशी संयोग पावलेला ऑक्सिजन वजनात धरताच आकडा साडेतीनवर येतो, आणि कार्बनचा सच्छिद्र कॅथोड (ऑक्सिजन घेणारे टोक), इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारे माध्यम), वेष्टन हे सारे धरले की आणखी खाली घसरतो. जपानमधील ‘निम्स’ ही पदार्थविज्ञान संस्था आणि सॉफ्टबँक ही दूरसंचार कंपनी यांनी मिळून तयार केलेल्या आणि २०२२च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या सेलची क्षमता किलोमागे ५०० वॅट-तासांहून थोडी अधिक होती. चांगल्या लिथियम-आयन सेलच्या जवळपास दुप्पट असलेला हा आकडा निःसंशय मोठी मजल आहे, पण पेट्रोल त्याच्या पंचवीसपट दूर आहे. (विद्युत मोटर इंधनाच्या इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते, म्हणून प्रत्यक्षातले अंतर थोडे कमी होते, ते मिटत मात्र नाही.)

वजन नसते असे नाही, ते नंतर येते. सुमारे १४ ग्रॅम लिथियम ३२ ग्रॅम ऑक्सिजन बांधून घेते, म्हणजे वापरलेल्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे बॅटरी किमान २०० ग्रॅमने जड होते. केरोसीनवर उडणारे विमान उतरताना हलके झालेले असते. हे विमान रात्र सरता सरता जड होत जाईल.

खरी गोम उंचीतच आहे. २० किलोमीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे अठराव्या हिश्शाइतका असतो आणि तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास. तेथील एक घनमीटर हवेत जेमतेम २० ग्रॅम ऑक्सिजन सापडतो, तेव्हा एका किलोवॅट-तासासाठी दहा घनमीटर हवेतला कण न् कण वेचावा लागेल. उडत्या विमानाला तेवढी हवा मिळणे अवघड नाही. अवघड आहे तो ऑक्सिजन इलेक्ट्रोलाइटमध्ये उतरवणे, कारण द्रवात विरघळणारा वायू त्याच्या आंशिक दाबाच्या (हवेच्या एकूण दाबातल्या त्याच्या वाट्याच्या) प्रमाणात विरघळतो, आणि दाब अठरापट घटला की सेलमधून काढता येणाऱ्या प्रवाहाची कमाल मर्यादाही त्याच बेताने घटते. शिवाय हवेसाठी उघड्या ठेवलेल्या सेलमधील द्रव इतक्या कमी दाबात उडून जाण्याची भीती असते. कॉम्प्रेसर बसवावा, तर त्याचे वजन आणि वीजवापर आला. दिवसा चार्जिंगमध्ये सुटलेला ऑक्सिजन टाकीत साठवून रात्री पुन्हा वापरण्याची कल्पना मला त्याहून समंजस वाटते, पण मग टाकीचे वजन मोजावे लागेल आणि नावातल्या ‘एअर’ला अर्थ उरणार नाही.

कोरडेपणाचा मुद्दा मान्य. तेथील हवेत बाष्प दशलक्ष भागांत चार-पाच भागच असते. परंतु कार्बन डायऑक्साइडचे ऑक्सिजनशी असलेले प्रमाण तेथेही जवळपास जमिनीवरच्याइतकेच राहते, आणि त्यातून बनणारे लिथियम कार्बोनेट फोडण्यासाठी जो चढा व्होल्टेज लागतो तो इलेक्ट्रोलाइटलाही मोडतो. त्यातच ही उंची ओझोनच्या थरात येते, आणि ओझोन सेलमधल्या पदार्थांना झिजवू शकतो.

आता वर्षानुवर्षे उडण्याविषयी. सौरविमानाला रोज एक चार्ज-डिस्चार्ज आवर्तन लागते, म्हणजे वर्षभर उडायचे तर ३६५. साध्या कार्बन कॅथोडचा सेल सुमारे २.७ व्होल्टला वीज देतो आणि चार्ज होताना अनेकदा ४ व्होल्टच्या वर मागतो, म्हणजे दिवसा भरलेल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा तरी उष्णतेत जातो. पंखांवरच्या सौरपटलांचे क्षेत्रफळ ठरलेले असते आणि हिवाळ्यातला दिवस लहान असतो. अशा वेळी वजनात वाचवलेले चार्जिंगमध्ये गमवावे लागते, आणि लिथियम-आयनची नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता तिच्या जादा वजनाची बरीचशी भरपाई करते. झेफायर या सौरविमानाने २०१० साली, ते एअरबसकडे येण्यापूर्वी, लिथियम-सल्फर बॅटरीवर १४ दिवसांचे उड्डाण केले होते. २०२२ साली ते ६४ दिवस आकाशात राहिले, तेव्हा त्यात सिलिकॉन अॅनोडच्या लिथियम-आयन बॅटरी होत्या. २०२३ साली अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि आर्गॉन प्रयोगशाळा यांनी घन इलेक्ट्रोलाइट वापरून हजार आवर्तने दाखवली. त्या दिशेकडून मला खरी आशा वाटते, पण तो प्रयोगशाळेतला सेल आहे, विमानातली बॅटरी नव्हे.

राहिल्या तेल कंपन्या. १९९६ साली के. एम. अब्राहम आणि झी. जियांग यांनी असा पुन्हा चार्ज होणारा सेल प्रथम मांडला, तेव्हापासूनचे संशोधन उघडपणे छापले गेले आहे. आयबीएमने २००९ मध्ये मोटारींसाठी याच बॅटरीचा मोठा प्रकल्प हाती घेतला होता. सॉफ्टबँकेला तर ती दूरसंचाराच्या सौरविमानासाठीच हवी आहे, आणि तिच्याशी संबंधित कंपनीचे ‘सनग्लायडर’ विमान २०२० मध्ये न्यू मेक्सिकोत स्थितांबरापर्यंत पोहोचलेही. बॅटरी तयार असती तर ती विमानात बसवणारे गिऱ्हाईक दाराशीच उभे आहे.