‘आमची माणसं ओळखीची आहेत’ म्हणून भागत नाही

सोलापुरातल्या क्लास आणि शिबिरं चालवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘पोलीस पडताळणी, बालसंरक्षण धोरण ही मोठ्या शहरांतली थेरं. आपली माणसं ओळखीची आहेत. उद्या पोराच्या पाठीवर हात ठेवला तरी गुन्हा होईल. काही घडलंच तर आपसात मिटवा, पोरीची बदनामी टळेल.’ मी विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, अभ्यासिका चालवते. हे वाचून गप्प बसवेना.

थेरं नव्हेत, कायदा आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी, मुलांशी नेहमी संबंध येणारी कुठलीही संस्था, सगळ्यांनी कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आहे. पत्र्याच्या शेडमधले आपणही त्यातच आलो.

ओळखीची माणसं? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातलेच निघाले. अनोळखी माणसाच्या हाती आपण मूल देतो कुठे? आणि नुसत्या पडताळणीवरही विसंबू नका. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, त्याचा कागद कोराच येणार. म्हणून रोजचे नियम लागतात. दार उघडं ठेवायचं, एकट्या मुलाला गाडीवरून सोडायचं नाही, मुलांना खासगी मेसेज करायचे नाहीत. आमच्याकडच्या कितीतरी आया विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या असतात, न्यायला उशीर होतो. एखाद-दुसरंच मूल उरतं, तो अर्धा तास मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तेव्हा आम्ही दोघी थांबतो, एकटी कुणीच नाही.

शाबासकीच्या हाताची भीती नको. पॉक्सोच्या कलम ७ खाली स्पर्श गुन्हा ठरायला लैंगिक हेतू लागतो.

‘आपसात मिटवा’ हे मात्र सगळ्यात घातक. कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा तो घडेल अशी नुसती शंका आली, तरी पोलिसांना कळवावंच लागतं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्हेतूनं खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. बदनामीचं म्हणाल, तर मुलीची ओळख छापायला बंदी आहे आणि जबाब घरीसुद्धा घेतात, पोलीस गणवेशात नसतात. मिटवल्यानं वाचतो तो संस्थेचा बोर्ड. तो माणूस दुसऱ्या पेठेत नवा क्लास काढायला मोकळा, आणि सांगूनही काही झालं नाही हे त्या पोरीला कळून चुकतं.

आमच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा चाइल्डलाइन नंबर मराठीत आणि तेलुगूत लिहिलाय. आमचे नियम एका पानात मावतात. आज ग्रुपवर टाकते, हवे तसे बदलून घ्या.