फेन्स मागून आत दाबू नका: ‘पाच मिनिटांत टेबल सॉ सेट’वाल्या व्हिडिओबद्दल

सुतारकामाच्या ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय, ‘पाच मिनिटांत टेबल सॉ सेट करा’ म्हणून. टेबल सॉ म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेलं करवतीचं मशीन. गाळ्यात नाहीतर घरच्या गॅरेजमध्ये छोटं मशीन लावून काम करणारी मंडळी तो धडाधड पुढे पाठवतायत म्हणून जरा सविस्तर लिहितोय. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवतात ती पात्याशेजारची सरळ आडपट्टी, टेपने पात्यापासून मोजून लॉक करा, मागच्या टोकाला ती केसभर आत घ्या म्हणजे फळी पात्याला चिकटून चालते, पात्यामागची उभी पट्टी काढून टाका कारण फळी तिला अडकते, ८० दातांचं ब्लेड घ्या, आणि ९० अंशाची खूण मशीनवर असतेच, काटा तिथे आला की झालं. यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, बाकी चूक, आणि दोन तर बोटं घालवणाऱ्या आहेत.

आधी मोजणीचं बघू. फेन्स पात्यापासून मोजायची हे पटतं, पण पातं स्वतः टेबलावर सरळ बसलंय का हे कोण बघणार? टेबलाला मायटर गेजची (आडवा कट घेताना फळी धरून सरकवायच्या कोनमापकाची) जी खाच असते ती हलत नाही, त्यामुळे सगळं तिथून धरायचं, आधी पातं खाचेला समांतर, मग फेन्स खाचेला समांतर. नुसता स्विच बंद करून चालणार नाही, प्लगच काढा, पातं पूर्ण वर घ्या आणि एका दातावर मार्करने खूण करा. मायटर गेजला एक लाकडी पट्टी क्लॅम्प करायची, तिच्या टोकात एक स्क्रू अर्धवट पिळायचा, खुणेचा दात पुढे आणायचा आणि स्क्रूचं डोकं त्याला जेमतेम लागेल इतपत बाहेर काढायचं, हाताने पातं हलवलं की बारीक खर्र आवाज येतो. आता तोच दात फिरवून मागे न्या, गेज मागे सरकवा, तसाच आवाज यायला हवा. आवाज आलाच नाही तर फट आहे, त्यात फीलर गेज (फट मोजायच्या ठराविक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच) घालून किती ते बघा, टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये मिळतो तोच चालतो. फरक ०.१ मिमीच्या आत आणा. दात तोच का, तर पातं थोडंफार डगमगतंच आणि दुसऱ्या दातावर मोजलं की ती डगमग तुमच्या मापात येते.

फरक जास्त निघाला तर छोट्या मशीनमध्ये मोटर आणि पातं ज्या ब्रॅकेटवर टांगलेलं असतं त्याचे टेबलाखालचे बोल्ट ढिले करून सरकवायचं, मोठ्या कॅबिनेट मशीनमध्ये टेबलच सरकवतात. बोल्ट आवळताना माप परत हलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघा. हे पाच मिनिटांत होत नाही, पहिल्यांदा तर दुपार जाते आणि जाऊ द्यावी.

आता ते ‘केसभर आत’. ही गोष्ट कुणी शिकवत असेल तर खरंच थांबवा त्याला. पात्याचे पुढचे दात खाली टेबलाकडे जातात, मागचे दात टेबलातून वर येतात आणि वरून तुमच्याकडे. फेन्स मागे आत असली की कापलेली फळी फेन्स आणि त्या मागच्या दातांमध्ये चेपली जाते, ते दात तिला उचलतात आणि तुमच्या पोटाकडे फेकतात. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग ताशी १९० किमीच्या आसपास पडतो. आणि अचूकपणा तरी कुठे मिळतो? मागचे दात कडेला परत घासतात, सागवानावर काळे डाग आणि अर्धवर्तुळाकार ओरखडे उठतात ते यामुळेच. फेन्स खाचेला समांतर ठेवा, नाहीतर मागून अगदी किंचित, कागदभर, बाहेर. आत कधीच नाही.

मागची पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, ती नेमकी या चेपण्यापासून वाचवायलाच असते. लाकूड चिरताना आतला ताण सुटतो आणि दोन्ही भाग पात्यामागे मिटायला बघतात, नीट न वाळलेल्या लाकडात तर जास्तच. फळी पट्टीला अडकते ही तक्रार खरी आहे, पण बहुतेक वेळा कारण असं की बारीक कटचं ब्लेड लावलं आणि पट्टी जुनीच जाड राहिली. पट्टी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या रुंदीपेक्षा बारीक हवी, दात २.४ मिमी आणि पत्रा १.८ असेल तर २ च्या आसपास. वर्निअर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) लावून मोजा, ब्लेडच्या रेषेत बसवा, अडकणं बंद होतं. लोकल बनावटीच्या मशीनला ही पट्टी नसेल तर पात्यामागे, कटच्या रेषेत, टणक लाकडाची पातळ चिप घट्ट बसवून घ्या.

८० दातांचं म्हणणं अर्धं खरं. प्लाय, सनमायका लावलेला बोर्ड, आडवा कट, इथे ६० ते ८० दात छान. पण सागाची जाड फळी उभी चिरायला घेतली की दातांमधली जागा छोटी, भुसा बाहेर पडत नाही, पातं तापतं, वाकतं आणि कट भरकटतो. त्याला २४ दाती.

आणि ९० ची खूण म्हणजे चिकटवलेली पट्टी आहे, तिच्यावर भरवसा नको. पात्यासाठी: एक फळी कापा, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेल्या कडा टेबलावर एकमेकींना टेकवा, वर किंवा खाली फट दिसली तर ती चुकीच्या दुप्पट असते. आधी पातं ९० ला अडवणाऱ्या स्टॉपच्या बोल्टखाली भुसा साचलाय का ते बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. मायटर गेजसाठी प्लायचा चौकोन घ्या, दर वेळी आत्ता कापलेली बाजू गेजला टेकवत चारी बाजू कापा, मग पहिल्या बाजूची एक पट्टी काढा आणि तिच्या दोन्ही टोकांची रुंदी वर्निअरने मोजा. ३०० मिमी लांब पट्टीत ०.४ फरक निघाला तर त्याला चाराने भागायचं, म्हणजे ३०० मिमीला ०.१ चूक, ६०० च्या शटरला (कपाटाच्या दाराला) ०.२. किचनच्या कामाला एवढं चालतं. याहून जास्त असेल तर गेजचा स्टॉप स्क्रू थोडा फिरवून नव्या चौकोनावर परत करा.