फाइव्ह-जीमुळे जीपीएस बिघडतं? जरा थांबा

‘घोडबंदर रोडवर मॅप भलतीकडे नेतो, कारण गच्चीवरचे फाइव्ह-जी टॉवर जीपीएस मारतात. म्हणूनच विमानतळाजवळ टॉवरना बंदी आहे!’ ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे.

जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झ या रेडिओ वारंवारतेवर येतो. आपलं फाइव्ह-जी प्रामुख्याने ७०० आणि ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झवर चालतं. मध्ये भरपूर अंतर आहे.

भीती अगदीच निराधार नाही म्हणा. २०,२०० किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून येणारा जीपीएसचा सिग्नल फारच क्षीण असतो. अमेरिकेत लाइटस्क्वेअर्ड कंपनीला अगदी शेजारच्या, १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टॉवर चालवायचे होते. २०११च्या चाचण्यांत जीपीएस रिसीव्हर गडबडले आणि योजना अडली. पण तो पट्टा वेगळा.

विमानतळाजवळची बंधनं २०२२मध्ये घातली गेली ती विमानांच्या रेडिओ अल्टिमीटरसाठी, म्हणजे जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्रासाठी; तो ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झवर चालतो. जीपीएसचा इथे संबंधच नाही.

घोडबंदरला मॅपवरचा निळा ठिपका हायवेवरून सर्व्हिस रोडवर उडी मारतो, त्याला बहुतेक वेळा मेट्रोचा पूल आणि उंच इमारती कारणीभूत असतात. सिग्नल अडतो, भिंतींवर आपटून उशिरा पोचतो. पटत नसेल तर तलावपाळीच्या मोकळ्या काठावर, फाइव्ह-जी चालू ठेवूनच, मॅप उघडून बघा.