“बारा पावसाळ्यांनी सगळं धुऊन नेलं” म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यापासनं एक मेसेज आमच्या भागातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, मला चार जणांकडनं आला, त्यातला एक माझ्या सख्ख्या मेव्हण्याकडनं. मेसेजचा सार असा: ‘बंद पडलेल्या प्लेटिंगच्या कारखान्याच्या जागेवर प्लॉट पडणार आहेत, अफवांवर विश्वास ठेवू नका. कारखाना बंद होऊन बारा वर्षं झाली, कोल्हापूरच्या पावसानं सगळं धुऊन गेलंय. बोअरचं पाणी काचेसारखं आहे, टीडीएस उत्तम. शंका असेल तर उकळून प्या. वरची दोन फूट माती काढून मुरूम टाकणार आहेत, शिवाय झाडं लावणार. आणि आता पाईपलाईनचं पाणी आहे, बोअर पितो कोण? जमिनीखालचं पाणी साफ करणं जगात कुणाला जमलेलं नाही, आणि कारखानाच राहिला नाही तर पैसे मागणार कुणाकडं?’

मी चौदा वर्षं प्लेटिंग युनिटच्या (धातूच्या वस्तूंवर क्रोमसारख्या धातूचा मुलामा चढवतात त्या कारखान्याच्या) ईटीपीवर काम केलंय, म्हणजे प्लेटिंगचं सांडपाणी ज्या टाक्यांमध्ये साफ करतात तिथं. त्यामुळं हा मेसेज वाचून गप्प बसवेना. एकेक मुद्दा घेतो.

पहिला पावसाचा, कारण हा सगळ्यांना पटतो. आपल्याकडं पाऊस लई, हे खरं. पण पाऊस जमीन धूत नाही, पाऊस जमिनीत मुरतो, आणि मुरताना जे विरघळतंय ते घेऊन खाली जातो. क्रोम प्लेटिंगला जे क्रोमिक ॲसिड वापरतात त्यातला क्रोमियम सहाव्या रूपातला, हेक्झाव्हॅलंट म्हणतात त्याला, आणि त्याचा स्वभावच असा की तो मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर चालत राहतो. वरच्या काळ्या मातीत शेणखत, पालापाचोळा असं सेंद्रिय काही असलं तर त्यातला थोडा बदलून तिसऱ्या रूपात जातो, जो बराच कमी विषारी आणि जागेवर बसणारा असतो, एवढी निसर्गाची मदत आहे, ती मी नाकारत नाही. पण काळ्या मातीच्या खाली मुरूम, मुरमाखाली आपला काळा पाषाण, आणि पाषाणात भेगा. आपल्या बोअरला पाणी लागतं ते त्या भेगांमधलं. तिथं कुठला पालापाचोळा? तिथं गेलेला क्रोमियम तसाच राहतो, आणि झिजलेल्या दगडाच्या बारीक छिद्रांत शिरून बसतो. जुना रॉकेलचा कॅन आठवा, दहादा विसळला, पालथा घालून वाळवला, तरी पाणी भरून ठेवलं की सकाळी वास येतोच. दगडाचं तसंच होतं, भेगेतलं पाणी बदलतं पण दगडात मुरलेलं हळूहळू परत पाण्यात येत राहतं, वर्षानुवर्षं.

तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा एक कारखाना होता, नव्वदच्या दशकात बंद पडला. मागं दीड-दोन लाख टन क्रोमियमचा कचरा तिथंच राहिला. तिथंही दरवर्षी पाऊस पडतोच की. इतके पावसाळे गेले तरी तिथल्या जमिनीतल्या पाण्याचा प्रश्न सुटला नाही, कारण ढीग तिथंच आहे आणि प्रत्येक पाऊस त्यातनं नवीन पिवळं पाणी काढतोय. आणि समजा खरंच ‘धुऊन गेलं’, तर गेलं कुठं? उताराच्या बाजूच्या बोअरला, ओढ्याला, ओढ्यातनं पंचगंगेला. खाली शिरोळपर्यंत माणसं राहतात हो.

आता काचेसारखं पाणी आणि टीडीएस. ईटीपीवर रोज सकाळी मी बीकरमध्ये पाणी घ्यायचो. टाकीतलं पाणी असं पिवळंधमक, त्यात सल्फ्युरिक ॲसिड टाकून पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा, दोन-अडीचवर आणायचा आणि मेटाबायसल्फाईट नावाची पावडर सोडायची, ढवळता ढवळता पिवळं पाणी हिरवं होतं, म्हणजे सहावा क्रोमियम तिसरा झाला. मग चुन्याची निवळी टाकून पीएच आठ-साडेआठला नेला की हिरवट गाळ दह्यासारखा फाटून खाली बसतो. वरचं पाणी एकदम नितळ दिसायचं, आणि तरीही आम्ही ते टेस्ट केल्याशिवाय सोडत नव्हतो, कारण नितळ पाणीसुद्धा फेल जायचं, हे मी स्वतः कितीतरी वेळा बघितलंय. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पिवळेपणा डोळ्याला जाणवेपर्यंत पाणी या मर्यादेच्या कितीतरी पट पुढं गेलेलं असतं.

आणि टीडीएस मीटर म्हणजे पाण्यातल्या सगळ्या क्षारांचा एक ढोबळ आकडा. ५०० टीडीएसच्या पाण्यात, म्हणजे लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात, ०.०५ म्हणजे दहा हजारांत एक. क्रोमियम मर्यादेच्या दहापट झाला तरी ०.५ होतो, तुमच्या पेनसारख्या मीटरवरचा आकडा एकानं पण हलणार नाही. त्या मीटरला क्रोमियम, निकेल, शिसं, सायनाइड यातलं काही ओळखता येत नाही. बोअरवाल्यानं मीटर बुडवून ‘ए वन पाणी’ म्हटलं की आपण खूश होतो, पण तो खारेपणाबद्दल बोलत असतो.

उकळण्याचं काय. पंचगंगेमुळं काविळीची साथ आपण बघितलीय, तेव्हा उकळून पिणं बरोबरच होतं, जंतू मरतात. धातू मरत नाही. दहा लिटर पाणी उकळून नऊ लिटर झालं की वाफ गेली आणि धातू तेवढाच नऊ लिटरमध्ये राहिला, म्हणजे पाणी थोडं जास्तच वाईट झालं. तुरटीनंही हा क्रोमियम जात नाही.

‘पाईपलाईन आली, बोअर पितो कोण’ याचं उत्तर उपनगरात राहणाऱ्यांनाच विचारा. हद्दीबाहेरच्या कॉलन्या, भाड्याच्या खोल्या, वीटभट्टीवरची माणसं, पाईप फुटला की टँकर, आणि तो टँकर भरतो कुठं तर बोअरवर. म्हशी कुठलं पाणी पितात? परसातल्या वांग्या-मेथीला कुठलं देता? आणि अजून एक, बोअर जितकी जास्त ओढाल तितकं आजूबाजूचं पाणी तुमच्याकडं सरकतं, म्हणजे प्लॉट पडून तिथं चाळीस नवीन बोअर मारल्या तर आज जागेवर असलेला दूषित पाण्याचा डाग शेजारच्या गल्लीत खेचला जाईल. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

दोन फूट मातीचा मुद्दा वरवर चांगला वाटतो पण प्लेटिंग शॉप ज्यानं आतनं बघितलंय त्याला विचारा. डाग सगळीकडं सारखा नसतो. ऑफिस, गोडाऊन, पार्किंग या बाजूला कदाचित काहीच नसेल. पण जिथं टाक्या होत्या तिथली फरशी ॲसिडनं खाल्लेली असते, सांध्यातनं, गटारातनं, हौदाच्या तळातनं वर्षानुवर्षं झिरपत असतं, तिथं दोन फुटावर थांबून काय उपयोग? म्हणजे एका बाजूला चांगली माती फुकट उचलणार आणि दुसऱ्या बाजूला विष तसंच ठेवून वर मुरूम पसरणार. नीट करायचं तर आधी जुना नकाशा काढून टाक्या कुठं होत्या ते शोधायचं, तिथं वेगवेगळ्या खोलीवर मातीचे नमुने घ्यायचे, खणून झाल्यावर खड्ड्याच्या तळाचे आणि चारी बाजूंचे परत घ्यायचे. आणि काढलेली माती जाणार कुठं हे मेसेजमध्ये लिहिलेलंच नाही! ती घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणी गेली पाहिजे, रांजणगावला तशी सोय आहे, नाहीतर कुठल्यातरी खाणीत नाहीतर कुणाच्या घराच्या भरावात ती जाईल. भोपाळचं बघा, युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला नेऊन जाळला, दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, आणि तरी तिथल्या जमिनीतला आणि पाण्यातला प्रश्न उरलाच आहे.

झाडं लावा, जरूर लावा. पण मुळं पोचतात तेवढ्याच मातीतलं ती ओढणार, शंभर फुटांवरच्या भेगेतलं नाही. आणि धातू ओढला असेल तर तो पाल्यात येतो, तो पाला जनावराला घालायचा नाही आणि जाळायचाही नाही.

आता ‘जगात कुणाला जमलं नाही’. हे तर साफ खोटं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एलिझाबेथ सिटीला कोस्ट गार्डच्या तळावर एक प्लेटिंग शॉप होतं, तीसेक वर्षं चाललं, १९८४ ला बंद झालं. तिथंही फरशीला पडलेल्या भोकातनं क्रोमियम खाली गेला होता आणि पाण्याबरोबर नदीकडं निघाला होता. त्यांनी १९९६ मध्ये पाण्याच्या वाटेत ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरला, जवळजवळ तसलाच जो आपल्या उद्यमनगरात मशीनखाली पडतो. पाणी त्यातनं पाझरताना लोखंडामुळं सहावा क्रोमियम तिसरा होऊन तिथंच बसतो, पुढं स्वच्छ पाणी जातं. मी बीकरमध्ये करायचो तेच, फक्त जमिनीखाली. काही ठिकाणी तर उसाची मळी पातळ करून बोअरमधनं सोडतात, जिवाणू ती खातात, ऑक्सिजन संपवतात आणि क्रोमियम बदलतो. मळीनं आपल्या नदीतले मासे मरताना बघितलेत आपण, त्यामुळं हे ऐकून मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. पण उद्या कुणी उठून बोअरमध्ये मळी ओतू नका, प्रमाण चुकलं तर खडकातलं मँगेनीज, लोह सुटून पाणी आणखी बिघडतं. आणि एलिझाबेथ सिटीला जमिनीखाली वाळू होती, आपल्याकडं भेगांचा पाषाण, पाणी कुठल्या भेगेतनं जातंय हे आधी शोधावं लागेल, वेळ लागेल, वर्षं लागतील. अवघड आहे हे मान्य, अशक्य नाही.

राहिला पैशाचा मुद्दा. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात एच-ॲसिडच्या (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनाच्या) कारखान्यांनी विहिरींचं पाणी लाल करून टाकलं होतं. ते कारखाने बंद झाले होते तरी १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्यानं घाण केली त्यानंच साफसफाईचा खर्च द्यायचा. वसुली लांबली, २०११ ला कोर्टाला परत ३७ कोटी ३८ लाखांचा व्याजासकट आदेश काढावा लागला, पण बंद झालं म्हणून सुटका झाली नाही. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांसाठी वेगळे नियमच काढलेत, स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी द्यायची, लोकांच्या तक्रारीवरूनसुद्धा, आणि मग प्रदूषण मंडळानं तपासणी करायची. म्हणजे आपण अर्ज देऊ शकतो.

त्या जागेच्या आसपास ज्यांची बोअर आहे त्यांनी बोअर किती फूट, केसिंग (बोअरमध्ये वरून बसवलेला पाईप) किती फूट, कधी मारली हे कागदावर लिहून माझ्याकडं द्या. नमुना घ्यायच्या आधी मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवायची, लॅबला नुसतं ‘पाणी तपासा’ म्हणायचं नाही, एकूण क्रोमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, निकेल, शिसं, कॅडमियम, सायनाइड असं नाव घेऊन सांगायचं, आणि हेक्झाव्हॅलंटची बाटली वेगळी, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. एकदा आत्ता, एकदा पावसाळ्यानंतर. सोळा बोअरचे नमुने एकत्र दिले तर खर्च वाटून घेता येईल, अर्ज मी लिहून ठेवलाय, सह्या रविवारी सकाळी दूध कट्ट्यावर.